टाकीत आज कुठलं पाणी आहे? सोसायटीतल्या पाण्याची घरगुती तपासणी

आमच्या पुण्यातल्या वारज्याच्या सोसायटीत बोअर चालू झाली की ते सगळ्यात आधी कुकरला कळतं. एरवी तीन शिट्ट्यांत मऊ होणारी तूरडाळ पाच शिट्ट्यांनंतरही दाणेदार राहते. मग ग्रुपवर कुणीतरी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरचा फोटो टाकतं, आकडा ४१०. पलीकडच्या विंगमधून उत्तर येतं, ‘आमच्याकडे ९५ आहे, तुमचं मीटर बिघडलंय.’ मीटर दोन्ही ठीक असतात. एकाने रात्री अकराला मोजलेलं असतं, दुसऱ्याने सकाळी, कॉर्पोरेशनचं पाणी येऊन गेल्यावर.

मी कॉलेजात रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घ्यायचे, त्यामुळे पाण्याची तक्रार आली की कमिटी मला पुढे करते. त्यातूनच ही रीत ठरत गेली. लागणारं सामान थोडं आहे: टीडीएस मीटर, कठीणपणा (म्हणजे पाण्याचा जडपणा) मोजायचं थेंबांचं किट, क्लोरीनचं किट आणि काचेच्या चार-पाच स्वच्छ बाटल्या. नायट्रेट आणि जिवाणू मात्र घरी तपासायच्या भानगडीत पडू नका, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

आधी पाण्याची वाट समजून घ्या

पुण्यात टाकीत पडणारं पाणी बहुधा दोन-तीन ठिकाणांहून येतं आणि मीटर हातात घेण्याआधी त्यांतला फरक कळायला हवा, नाहीतर आकडे नुसते आकडे राहतात.

मूळ पाऊस एकच. थेंब खाली येताना हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा विरघळवून घेतो, म्हणून स्वच्छ पावसाचं पाणीही किंचित आम्लधर्मी असतं, सामू (पीएच) साधारण ५.६. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस तीव्र उतारावरून, उघड्या काळ्या कातळावरून भराभर वाहतो आणि पानशेत, वरसगाव, टेमघरमधून खाली खडकवासल्यात येतो. वाटेत दगडाला तो जेमतेम शिवतो, त्यामुळे त्यात क्षार कमी. पुणेकरांच्या पिढ्यान्‌पिढ्या ‘आमचं पाणी गोड’ म्हणत आल्या त्यामागचं रसायन एवढंच.

शहरावर पडणाऱ्या पावसाची वाट वेगळी. तो वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, आणि त्यातला जो भाग जमिनीत मुरतो तो आधी मातीतून जातो. मुळं आणि मातीतले जिवाणू सतत श्वास सोडत असतात, म्हणून मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. तो पाण्यात विरघळून कार्बनिक आम्ल तयार होतं. हे सौम्य आम्ल मुरमातून, मग मांजऱ्या, म्हणजे भेगाळलेल्या खडकाच्या फटींतून उतरताना दगड हळूहळू कुरतडतं. आपल्याकडे चुनखडीचे डोंगर नाहीत, मग पाणी जड कशाने होतं, असं मला नेहमी विचारतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या या बेसॉल्टमध्येच फेल्डस्पार आणि पायरॉक्झीन ही खनिजं आहेत, त्यांतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटतात. आम्लाचं होतं बायकार्बोनेट. बोअरमधून आपण उपसतो ते हे, वर्षानुवर्षं दगडाच्या सहवासात राहिलेलं पाणी.

टँकर म्हणजे तिसरी वाट. बहुतेक वेळा ते कुठल्यातरी विहिरीचं किंवा बोअरचंच पाणी असतं, पण कुठल्या ते टँकरवर लिहिलेलं नसतं. विचारायचं, आणि सांगितलेल्या उत्तरावर न विसंबता मोजायचं.

पायरी १: नळापासून मागे चालत जा

एका रविवारी प्लंबरला घेऊन अंडरग्राउंड टाकीचं झाकण उघडा. टाकीत किती पाइप येतात, कुठला कुठून येतो, बोअरची लाइन तिथेच सुटते की थेट गच्चीवरच्या टाकीत जाते, हे कागदावर काढा. आमच्याकडे बिल्डरचा नकाशा होता आणि तो चुकीचा होता. बोअरचं पाणी फक्त फ्लश आणि बागेला जातं अशी सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात दोन्ही लाइनींच्या मधे एक व्हॉल्व्ह निघाला आणि तो वर्षानुवर्षं अर्धा उघडा होता.

ड्रेनेजची लाइन आणि बोअर यांच्यातलं अंतरही याच कागदावर लिहून ठेवा. पुढे लागणार आहे.

पायरी २: नमुना घेताना

कॉर्पोरेशनचं पाणी टाकीत पडतं तिथे धरा, घरातल्या नळाला नको. बोअरचा पंप निदान दहा मिनिटं चालू द्या, कारण आधी येतं ते केसिंगमध्ये (बोअरच्या पाइपमध्ये) साठलेलं शिळं पाणी. टँकरचा नमुना पाइप टाकीत सोडण्याआधी. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, हवा न ठेवता झाकण लावा आणि बाटलीवर तारीख, वेळ, जागा लिहा.

काठोकाठ का, ते बोअरच्या पाण्यावर लगेच दिसतं. जमिनीखालचं पाणी कार्बन डायऑक्साइडने भरलेलं असतं. उघड्या भांड्यात ठेवलं की तो वायू निघून जातो आणि सामू चढतो. मी एकदा पंपाशी ७.१ मोजलेलं पाणी संध्याकाळपर्यंत पातेल्यात ठेवलं, तर ८ च्या पुढे गेलं. पाण्यात कुणी काही घातलेलं नव्हतं. म्हणून घरातल्या नळाचा सामू पाहून बोअरबद्दल निष्कर्ष काढू नका.

पायरी ३: टीडीएस, आणि एक साधं गणित

टीडीएस मीटर क्षार मोजत नाही. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि एका ठरावीक गुणकाने त्याचा क्षारांचा आकडा करून दाखवतो. त्यामुळे क्षार साधारण किती ते कळतं, कुठले आहेत ते अजिबात कळत नाही. मिठाचं पाणी आणि बोअरचं पाणी दोन्हींचा आकडा ५०० येऊ शकतो. जिवाणूंचं तर मीटरला नावही माहीत नाही. टीडीएस ८० असलेलं पाणीही माणसाला आजारी पाडू शकतं.

तरीही हे मीटर फार कामाचं आहे, कारण त्यावरून टाकीतली मिसळ काढता येते. आमचे एका मे महिन्यातले आकडे घ्या. कॉर्पोरेशन ९०, बोअर ६४०, टाकीत ३१०. टाकीच्या आकड्यातून कॉर्पोरेशनचा वजा करा: २२०. बोअरमधून कॉर्पोरेशनचा वजा करा: ५५०. पहिल्याला दुसऱ्याने भागा: ०.४. म्हणजे टाकीत शंभर लिटरमागे चाळीस लिटर बोअरचं. ‘बोअर दिवसातून अर्धा तासच लावतो’ हे उत्तर त्या दिवसापासून बंद झालं.

टँकरही पडत असेल तर दोन अज्ञातं होतात आणि एका समीकरणाने भागत नाही. टँकर न आलेल्या दिवशी मोजा.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. सदाशिव पेठेत माझ्या मावशीकडे आरओ (पाण्यातले क्षार काढणारं यंत्र) विकायला एकजण आला होता. त्याने दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, आणि दोन्हींत धातूच्या काड्या असलेलं यंत्र बुडवून वीज सोडली. मिनिटभरात नळाचं पाणी गढूळ तपकिरी. मावशी घाबरली, ‘अगं, हे पितोय आपण इतकी वर्षं!’ तो तपकिरी गाळ पाण्यातला नव्हता, काडीतलं लोखंड झिजून त्याचा हायड्रॉक्साइड झाला होता. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे वीज फारशी वाहिली नाही, म्हणून ते स्वच्छ राहिलं. मी त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगितलं. आरओचं पाणीही तपकिरी झालं. विक्रेता चहा न घेताच गेला. मावशीच्या नळाचा टीडीएस शंभरच्या आत होता. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या आतल्या टीडीएसला आरओ नको अशीच भूमिका घेतली होती.

पायरी ४: कठीणपणा

ही तपासणी सगळ्यात जास्त उपयोगाची, आणि लोक नेमकी हीच टाळतात.

आधी साबणाने अंदाज घ्या. अंगाच्या साध्या साबणाचा चुरा गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या (बॉडीवॉश किंवा डिटर्जंट चालणार नाही, ते जड पाण्यातही फेसतात). अर्ध्या भरलेल्या बाटलीत हे द्रावण थेंबथेंब टाकून हलवत राहा, फेस मिनिटभर टिकेपर्यंत. कॉर्पोरेशनच्या पाण्याला थोडेच थेंब पुरतात. बोअरच्या पाण्यात आधी दह्यासारखा पांढरट साका होतो, कारण कॅल्शियम साबणाला धरून ठेवतं. ते संपल्यावरच फेस येतो. बादलीच्या कडेला आणि केसांना चिकटतो तो हाच साका.

मग थेंबांचं किट. मोजलेल्या पाण्यात आधी बफर टाकायचं, मग सूचक. पाणी वाइनसारखं लाल होतं. त्यात ईडीटीएचं द्रावण थेंबाथेंबाने, प्रत्येक थेंबागणिक हलवत टाकायचं. लाल, मग जांभळट, आणि मग एका थेंबाला स्वच्छ निळं. जांभळट दिसलं की बहुतेकजण थांबतात. थांबू नका, लालसर छटा पूर्ण जाईपर्यंत टाका. किती थेंबांचे किती मिलिग्रॅम हे किटवर लिहिलेलं असतं, ते कंपनीगणिक वेगळं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २०००.

आता त्याचे दोन भाग करा. त्याच नमुन्यातलं अर्धा लिटर पाणी दहा मिनिटं उकळा, गार करा, गाळा आणि जेवढं आटलं तेवढं आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घालून पुन्हा अर्धा लिटर करा. हे भरून घेणं विसरलात तर आकडा उगाच जास्त येईल. आता पुन्हा मोजा. आमच्या बोअरचं आधी ४२० आलं, उकळल्यावर १६०. मधले २६० म्हणजे तात्पुरता कठीणपणा. उकळताना बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून गेला आणि कॅल्शियम कार्बोनेट पातेल्याच्या तळाशी बसलं.

तळाचा तो पांढरा थर खरवडून वाटीत घ्या, लिंबू पिळा. फसफसतो. जमिनीखाली मातीतून पाण्याने घेतलेला वायू तुमच्या वाटीत परत हवेत जातो.

गीझरला त्रास देतो तो हाच २६० चा आकडा. हे सगळं बसलं असं धरलं तर शंभर लिटरमागे २६ ग्रॅम थर झाला. ६० अंशांना सगळा बसत नाही, पण दोन वर्षांत कॉइलवर पापुद्रे चढायला पुरेसा बसतो. डाळीचं कोडंही इथेच सुटतं: कॅल्शियम डाळीच्या दाण्यातलं पेक्टिन घट्ट बांधून ठेवतं. डाळ कॉर्पोरेशनच्या पाण्यात भिजवा आणि शिजवा, शिट्ट्या आपोआप कमी होतील.

पायरी ५: क्लोरीन

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोम, दूषित पाण्याशी जोडला गेलेला नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा सगळ्या शहराला क्लोरीनची आठवण झाली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत किट कपाटात मागे गेली. ती बाहेर काढा.

नमुना गच्चीच्या टाकीपासून सगळ्यात लांबच्या फ्लॅटमधल्या नळाचा घ्या. किटमधले थेंब टाका, पिवळा रंग येतो का ते लगेच पाहा, उशीर केला तर आकडा फुगतो. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवा. तपासलेलं पाणी ओतून द्या, ते औषध विषारी असतं.

कॉर्पोरेशनच्या पाण्यात क्लोरीन असूनही नळाला शून्य येत असेल तर बोअरची मिसळ तपासा. बोअरच्या पाण्यात अमोनिया, विरघळलेलं लोह किंवा सेंद्रिय घाण असली की क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतो. सामू ८ च्या वर गेला तर उरलेल्या क्लोरीनची ताकदही घटते.

टाकीत स्वतः घालायचा झाला तर हिशोब असा. ५०,००० लिटरला लिटरमागे १ मिलिग्रॅम म्हणजे ५० ग्रॅम क्लोरीन. ब्लीचिंग पावडरीत तो २५ ते ३३ टक्के, म्हणजे पावडर दीडशे ते दोनशे ग्रॅम. बादलीत कालवून निवळू द्या, वरचं नितळ पाणी टाकीत ओता, खालचा चोथा नको. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. उघड्या पिशवीतली जुनी पावडर मात्र नुसता चुना होऊन बसलेली असते.

पायरी ६: प्रयोगशाळेत काय द्यायचं

बोअर आणि टँकरसाठी तीन गोष्टी मागा: नायट्रेट, क्लोराइड, ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू). भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, खासगीही आहेत.

नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि त्यात सूट नाही. बेसॉल्टमधून नायट्रेट येत नाही. तो आला म्हणजे वरून काहीतरी झिरपतंय, बहुधा सांडपाणी किंवा खत. सोबत क्लोराइडही चढलेलं असेल तर पहिल्या पायरीचा कागद काढा आणि ड्रेनेजची लाइन बघा. भेगाळलेल्या खडकात सांडपाण्याला वाळूच्या थरासारखी गाळणी भेटत नाही, भेग सापडली की ते सरळ खाली जातं. आणि नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट वाढतो. तान्ह्या बाळाच्या दुधाला असं पाणी वापरू नका.

जिवाणूंसाठीची बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या, ती निर्जंतुक असते. ती विसळायची नाही. दुसऱ्या पायरीत तीनदा विसळा म्हटलं, इथे एकदाही नाही: आतली पांढरी पूड क्लोरीन मारण्यासाठी ठेवलेली असते. बर्फाच्या डब्यातून सहा तासांच्या आत पोचवा.

पायरी ७: आकडे आल्यावर

मिसळ थांबवता येत असेल तर तेच पहिलं काम. बोअरची लाइन वेगळी करून फ्लश, बाग आणि गाड्या धुण्याला द्या. प्लंबरचा खर्च एकदाच होतो, यंत्रांचा दरवर्षी. पिण्याला कॉर्पोरेशनचंच पाणी असेल तर साधा फिल्टर आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुष्कळ झालं. तेही नको असेल तर उकळा.

बोअरवाचून गत्यंतर नसेल तर अंघोळ-कपड्यांसाठी सॉफ्टनर. त्यात रेझिनवर (राळेसारख्या बारीक मण्यांवर) सोडियम चिकटवलेलं असतं. पाणी जाताना कॅल्शियम-मॅग्नेशियम तिथे बसतं आणि सोडियम पाण्यात उतरतं, मग मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करायचं. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइटचे चमकदार स्फटिकही हीच अदलाबदल करतात. सॉफ्टनर बसवल्यावर आमच्या वार्षिक सभेत रण माजलं होतं, कारण टीडीएस एका अंकानेही उतरला नव्हता. तो उतरणारच नव्हता. ४२० चा कठीणपणा काढला की लिटरमागे साधारण १६८ मिलिग्रॅम कॅल्शियम जातं (सगळं कॅल्शियमच धरलं तर) आणि १९३ मिलिग्रॅम सोडियम येतं. सॉफ्टनर टीडीएस मीटरने तपासायचा नसतो, साबणाने किंवा थेंबांच्या किटने तपासायचा. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी हे पाणी पिऊ नये. तुळशीलाही घालू नका, सोडियमने माती घट्ट होते.

पिण्याला बोअरचंच पाणी आणि टीडीएस खूप जास्त असेल, किंवा नायट्रेट आला असेल, तर आरओ घ्या. एक लिटरमागे दोन-तीन लिटर फेकलं जातं, ते फरशीला ठेवा. सॉफ्टनरचं खारं पाणी मात्र ड्रेनेजलाच जाणार: तिथून मुळा-मुठा, मग भीमा, उजनी, आणि उजनीखाली ते कुणाच्यातरी उसाला.

पायरी ८: वर्षातून चारदा

मे, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. आमची बोअर मे महिन्यात ६४० असते, ऑक्टोबरमध्ये पाचशेच्या आसपास उतरते. जुलैचा आकडा मात्र फसवा. पहिल्या पावसात वरच्या मातीतली साठलेली घाण खाली धुऊन जाते, टीडीएस उतरताना दिसला तरी नायट्रेट आणि जिवाणू त्याच वेळी वाढू शकतात. प्रयोगशाळेचा खर्च एकदाच परवडत असेल तर तो जुलैत करा.

पुनर्भरणाचं गणितही करून ठेवा. ४०० चौरस मीटर गच्ची, ७०० मिलिमीटर पाऊस, त्यातलं ऐंशी टक्के हाती लागलं तर २,२४,००० लिटर. दहा हजार लिटरचे बावीस टँकर. पण पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या, आणि गच्चीचा पाइप खडी-वाळूच्या गाळणीशिवाय थेट बोअरमध्ये सोडू नका. तसं केलंत तर कबुतरांची विष्ठाही खाली जाते, आणि ती उपसून तुम्हीच काढणार.

सगळे आकडे पंपरूममध्ये खिळ्याला लटकवलेल्या वहीत लिहा: तारीख, वेळ, कुठलं पाणी, टीडीएस, कठीणपणा, क्लोरीन, आणि त्या दिवशी बोअर किती वेळ चालली. वहीला दोरीने शिसपेन्सिल बांधा. आमच्या पहिल्या वहीतले शाईचे आकडे ऑगस्टमध्ये ओल येऊन पसरले आणि जुलैचा नायट्रेट २८ होता की ३८, यावर अजून कमिटीत वाद आहे.